बंध तुटताना उष्णता निघते का?

बी-३०२ वहिनी: ग्रुपवर केमिस्ट्रीवालं कोणी आहे का? लेकाच्या ट्यूशनच्या नोट्समध्ये लिहिलंय, ‘बंध (अणूंना जोडून ठेवणारी पकड) तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.’ बरोबर आहे?

ए-१०४ काका: नाही. अगदी उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. हे आत्ताच नीट केलं नाही तर अकरावी-बारावीत त्याला फार जड जाईल.

ए-१०४ काका: हायड्रोजनचे दोन अणू घे, प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन. जवळ आले की दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकं (अणूंचे धनभारित गाभे) ओढतात, म्हणजे ही इलेक्ट्रॉनांची जोडी अणू वाटून घेतात, आणि एकूण ऊर्जा कमी होते. हाच बंध. फारच जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात. म्हणून ७४ पिकोमीटर अंतरावर ते स्थिरावतात. तोवर मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली, प्रचंड संख्या) ४३६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडलेली असते. वेगळे करायचे तर तेवढी परत घाला.

बी-३०२ वहिनी: तो विचारतोय, मग गॅस पेटवल्यावर उष्णता येते कुठून?

सी-२०१ ताई: नवे बंध जुळताना. मिथेन (पाइपच्या गॅसमधला मुख्य वायू) आणि ऑक्सिजनचे बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पण कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना त्याहून जास्त सुटते. शेगडीची आच म्हणजे तो फरक. मोलमागे साधारण ८०० किलोज्यूल.

डी-१०२ आजी: काका, लिहीत राहा. नातीला वाचून दाखवतेय.

ए-१०४ काका: आता नायट्रोजन. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्या वाटलेल्या, बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल! हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो तसाच घेता येत नाही, तो यामुळेच. आपल्या बडोद्याच्या फर्टिलायझरनगरला खतासाठी अमोनिया करतात. अशा प्लांटमध्ये लोखंडाच्या उत्प्रेरकावर (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ), ४०० अंशांच्या वर आणि प्रचंड दाबाखाली हा बंध सोडवावा लागतो. तरी हिशेबाअंती उष्णता बाहेरच पडते, कारण नायट्रोजन-हायड्रोजनचे नवे बंध जुळतात. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

बी-३०२ वहिनी: अणू जोडी वाटून घेतात म्हणजे अर्धं-अर्धं का?

सी-२०१ ताई: सारखे अणू असतील तरच. पाण्यात ऑक्सिजन जोडी स्वतःकडे जास्त ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला थोडा ऋणभार येतो. त्यात रेणू वाकडा, कोन १०४.५ अंश. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारून गेली असती आणि पाण्यात मीठ असं विरघळलं नसतं.

ए-१०४ काका: इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून बंध होतो, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईसने १९१६ मध्ये मांडली. ती टिकते का, याचं हायड्रोजनसाठीचं गणित हायट्लर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये केलं. वहिनी, नोट्समधलं ते वाक्य त्याला आजच खोडायला सांगा.