दुष्काळातल्या आयर्लंडमध्ये ब्लॅकबेरी असूनही लोक उपाशी का राहिले?

प्रश्न : वाचक, नौपाडा (ठाणे)

आमच्या वाचनमंडळात सध्या एकोणिसाव्या शतकात संकलित झालेल्या आयरिश लोककथा वाचल्या जात आहेत. शेताच्या बांधावरच्या ब्लॅकबेरीचे उल्लेख त्यांत अधूनमधून येतात आणि त्यावरून मागच्या बैठकीत चांगलीच जुंपली. एका सभासदांचा सवाल असा, की १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडत गेले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे दगावली; मग गावोगाव फुकट लगडलेले हे फळ त्यांच्या कामी का आले नाही? दुसरा प्रश्न माझा आहे. आपल्याकडे मे महिन्यात येऊरच्या आदिवासी बायका करवंदांच्या पाट्या घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात आणि रानमेव्याचे चार पैसे करतात. आयरिश गरिबांनाही ब्लॅकबेरीतून असे काही मिळत होते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, नेरुळ

आपल्या सभासदांच्या सवालाचे उत्तर फळाच्या हंगामात आहे. ब्लॅकबेरीची झुडपे जूनपासून फुलतात आणि फळ ऑगस्टच्या उत्तरार्धात काळे पडू लागते, ते ऑक्टोबरपर्यंत मिळते. आयरिश शेतमजुराच्या वर्षातले खरे ओढगस्तीचे दिवस म्हणजे जून-जुलै, कारण जुने बटाटे तोवर संपलेले किंवा कुजलेले असत आणि नवे अजून जमिनीतच असत. त्या दिवसांत ब्लॅकबेरीवर फुले आणि हिरवी फळे यांखेरीज काहीच नसे. फळ पिके तोवर बटाटेही निघू लागलेले असत. म्हणजे चांगल्या वर्षी हे फळ यायचे ते सुगीच्याच दिवसांत. १८४६ मध्ये करप्याने ऑगस्टपर्यंत जवळजवळ सगळे पीक काळे केले, तेव्हा मात्र भूक आणि फळ एकाच वेळी आले, आणि लोकांनी ब्लॅकबेरीच काय, खाजकुयरीसारखी आग करणारी नेटल, रानमोहरी, समुद्रशेवाळ, शिंपले असे हाती लागेल ते खाल्ले. परंतु मृत्यूचा सर्वांत मोठा कहर त्यानंतरच्या हिवाळ्यात आणि १८४७ मध्ये झाला, जेव्हा झुडपांवर नुसते काटे होते.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण तो टाळून ही चर्चा भावनेवर चालते. दुष्काळापूर्वी अंगमेहनतीचा पुरुष दिवसाला ५ ते ६ किलो बटाटे खात असे. तेवढी ऊर्जा ब्लॅकबेरीतून मिळवायची तर दहा किलोंहून अधिक फळे लागतील, कारण १०० ग्रॅम फळात जेमतेम ४३ कॅलरी असतात. काट्यांतून एकेक फळ वेचून पाच-सहा माणसांच्या घराला रोज एवढी फळे पुरवणे कोणालाही शक्य नव्हते. शिवाय बहुसंख्य माणसे निव्वळ उपासमारीने मेली असेही नाही. टायफस (उवांमुळे पसरणारा ज्वर), उलटून येणारा ताप आणि हगवण यांनी अधिक बळी घेतले. गंमत अशी, की ब्लॅकबेरीची पाने आणि मुळे टॅनिन या तुरट द्रव्यामुळे स्तंभक, म्हणजे जुलाब बांधणारी, असल्याने जुलाबावर घरगुती काढ्यात वापरली जात. त्या काळातल्या हगवणीपुढे असल्या काढ्याचे काय चालणार, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर २ : गृहिणी, ऐरोली

ब्लॅकबेरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जॅमची बाटली येते, पण मातीच्या एकखणी झोपडीत जॅम करायचा कशाचा आणि लावायचा कशावर? जॅमला फळाच्या जवळजवळ बरोबरीने साखर लागते आणि ब्रिटिश राजवटीतला साखरेवरचा कर पूर्णपणे उठला तो १८७४ मध्ये. पावाचेही तेच; बटाटे आणि ताक एवढ्यावर जगणाऱ्या घरात पाव क्वचितच असे. सोड्यावर फुगवलेला, झाकणावर निखारे ठेवून लोखंडी भांड्यात भाजलेला पाव शतकाच्या मध्यापासून रुळत गेला आणि चहा, साखर, दुकानचे पीठ हेही गरिबांच्या घरी दुष्काळानंतरच शिरले. तोपर्यंत जेली आणि सरबत हे जमीनदाराच्या स्वयंपाकघरातले पदार्थ होते. पिकलेल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन (जेली घट्ट करणारा घटक) कमी असल्याने तिथे रानसफरचंदे घालून जेली धरवत, म्हणजे चमच्यावरून थेंब न गळता जाडसर पडदा लोंबू लागेपर्यंत आटवत. बाकीच्यांची मुले फळे तोडून तिथेच उभ्या उभ्या खात असणार, असे मला वाटते.

प्रश्नकर्ते, नौपाडा

दोघांचेही आभार. पण ज्या फळावर घर चालत नव्हते ते लिखाणात एवढे का टिकले?

उत्तर ३ : वाचक, कोपरी (ठाणे पूर्व)

माझ्या मते ते टिकले याचे कारण नेमके हेच, की त्याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज नव्हती. १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे करआकारणीसाठी झालेल्या सरकारी पाहणीत, कोणाकडे किती जमीन, घर, गोठा हे बारकाईने नोंदले आहे. बांधावरचे काटेरी झुडूप त्यात येत नाही, कारण त्यावर कर बसत नाही. मग त्याची आठवण राहिली ती मुलांना घातलेल्या धाकात. क्रॉफ्टन क्रोकर यांनी १८२५ मध्ये दक्षिण आयर्लंडमधल्या परीकथा प्रसिद्ध केल्या, त्यांत पूका नावाचे रूप पालटणारे, बहुधा काळ्या घोड्याच्या रूपात येणारे भूत आहे. शरद संपता संपता तो ब्लॅकबेरी बाटवतो, म्हणून त्या खाऊ नयेत, असे मुलांना बजावले जाई. मुदत कुठे २९ सप्टेंबरच्या मायकलमस या ख्रिस्ती सणाची, कुठे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनची सांगत. कवी यीट्स यांनीही १८८८ च्या आपल्या लोककथासंकलनात नोव्हेंबरचा पहिला दिवस पूकाचा म्हटला आहे. इथे आयरिश कवी सीमस हीनींचे नाव कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो की त्यांची ब्लॅकबेरी वेचण्यावरची कविता १९६६ ची आहे आणि ती या प्रश्नाच्या कक्षेत येत नाही. त्यापेक्षा विल्यम ॲलिंगहॅम पाहावेत. डोनेगॉलमधल्या बॅलिशॅननचे हे कवी अनेक वर्षे जकात खात्यात होते आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर १८८४ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या चुटक्यांच्या संग्रहाला ‘ब्लॅकबेरीज’ हेच नाव दिले. अनेक झुडपांवरून वेचून टोपलीत भरलेले, असे ते स्वतःच म्हणतात. फुकटचे, कोणाचेही नसलेले आणि वेचणाऱ्याचे होणारे, हा त्या फळाचा लौकिक वाचकांना ठाऊक असल्याशिवाय असे नाव कोणी ठेवणार नाही.

नेरुळ, पुन्हा

पूकाच्या धाकात तथ्य आहे. घोसाच्या टोकाचे फळ सर्वांत आधी पिकते आणि तेच सर्वांत मोठे व गोड असते. मागची फळे लहान, बियाळ होत जातात आणि ओल्या थंडीत त्यांवर करडी बुरशी धरते. मुलांना बुरशीची भीती वाटत नाही, भुताची वाटते.

ऐरोली, पुन्हा

विक्रीचे राहूनच गेले. १९३७ ते १९३९ दरम्यान आयरिश शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती वह्यांत उतरवली, तीत ब्लॅकबेरी डब्यांत वेचून व्यापाऱ्याला विकल्याचे उल्लेख आहेत. सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे बालपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे, पण उल्लेख नक्की कोणत्या वर्षांचा हे प्रत्येक वहीत तपासून पाहावे लागेल. हे हस्तलिखित आता इंटरनेटवर परगण्यांनुसार खुले आहे. कॉर्क आणि केरी या परगण्यांपासून सुरुवात केलीत तर क्रोकरच्या कथांच्या प्रदेशातच राहाल.