मदत हवी आहे: निवेदक बाई की पुरुष हे न सांगणारी क्विअर विज्ञानकथा मराठीत कशी सांभाळायची, कुठे पाठवायची?

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीजवळची. बाई आहे, बायकांवर प्रेम करणारी आहे आणि आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. हे आधीच सांगतो, कारण अडचण इथूनच सुरू होते.

एक दीर्घकथा लिहून झाली आहे. काळ या शतकाच्या शेवटाचा. पावसाळाभर पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या, म्हणजे आजच्या धोका पातळीच्या, खाली उतरतच नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना ही कल्पना फार लांबची वाटणार नाही. नदीकाठच्या गावांनी तराफ्यांवर वस्त्या केल्यात. कथा सांगणारं माणूस तिथे पाण्याची मोजणी करतं, आणि एका सुईणीबरोबर त्याचा संसार आहे. हे माणूस बाई आहे, पुरुष आहे की आणखी कोणी, ते कथेत कुठेच येत नाही. तिथल्या लोकांना तो प्रश्नच पडत नाही, म्हणून वाचकालाही उत्तर द्यायचं नाही असं ठरवून लिहिलं. घरची बोली कामाला येईल असं वाटलं, ‘मी गेलो’ म्हटल्यावर कोण ते कळणार नाही.

झालं उलटंच. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, त्यांना आवडली. चित्र आलं तर तराफ्यावर मिशीवाला गडी उभा! निवेदक पुरुष आहे असं कथेत कुठेही नाही, असं मी कळवलं. उत्तर आलं, की मग ‘गेले’ करा म्हणजे बाई आहे हे कळेल. पण दोन बायका दाखवण्याची विज्ञानकथेला गरज काय, तेही कथेत येऊ द्या. मी कथा मागे घेतली. राग आहेच, पण त्याहून जास्त काळजी आहे. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला माझी कथा साध्या नवरा-बायकोची वाटत असेल तर मी जे लिहिलं ते पानावर उतरलेलंच नाही.

तर विचारायचं हे, की ही लपवाछपवी भाषेत कशी निभवायची? ‘गरज काय’ला कथेच्या आतून उत्तर असतं का? आणि टोपणनावाने लिहून, घरी न कळवता, कुठे पाठवता येईल? पुढे हीच कथा कादंबरी करायची आहे.

प्रतिसाद १

ताई, मी मुद्रितशोधन करतो. एकट्या ‘गेलो’वर भार टाकू नका. नाशिक-नागपूरच्या वाचकाला ‘गेलो’ म्हणजे पुरुषच.

मराठी जितकी लिंग सांगते तितकीच लपवूही देते. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्मामागे जातं: मी दोर ओढला, मी खूण वाचली, मी पाणी मोजलं. बोलणारं कोण ते कळत नाही. ‘मी जाईन’ मध्ये कळत नाही, ‘मी मोजत आहे’ मध्येही नाही. जुना रीतिभूतकाळ तर तुमच्या कथेसाठीच ठेवल्यासारखा आहे: मी पहाटे उठे, काठी घेई, बंधाऱ्याची खूण बघे. रोजचं काम सांगताना तो वापरा, नदीकाठची संथ लयही आपोआप येईल.

अडतं ते अकर्मक भूतकाळात. हसलो, पळालो, बसलो, निघालो. इथे बहुतेक जण ‘मला हसू आलं, मला दिसलं, मला वाटलं’ कडे वळतात. एखाद-दुसरं ठीक, पण पानंच्या पानं तसं लिहिलंत तर तुमचं माणूस काही करेनासं होतं, सगळं त्याच्या बाबतीत नुसतं घडत राहतं. त्यापेक्षा मराठीतले कर्म घेणारे वाक्प्रचार उपसा. पळालो ऐवजी ‘मी धूम ठोकली’. बसलो ऐवजी ‘मी फतकल मारली’. निघालो ऐवजी ‘मी वाट धरली’. झोपलो ऐवजी ‘मी ताणून दिली’. वाक्य जिवंत राहतं आणि गुपितही राहतं.

विशेषणांवर नजर ठेवा. एकटा, ओला, दमलेला, सगळी फितूर. ‘चिंब’ घेतलंत तरी पुढे ‘होतो’ येतंच, म्हणून ‘अंग चिंब झालं होतं’ म्हणा. इतर पात्रं निवेदकाशी बोलतात तिथेही जपा. ‘तू आलास’ फसवतं, ‘तुम्ही आलात’ फसवत नाही, म्हणून वस्तीतल्या सगळ्यांना अहो-जाहो करू द्या. सुईण मात्र ‘तू’च म्हणेल, संसार आहे त्यांचा. तिला आज्ञार्थ आणि सकर्मक वाक्यं द्या: ये, बस, हात धुतलेस का, किती पाणी मोजलंस?

तुमचं ‘गेलो’ मात्र टाकून देऊ नका. ते सुईणीच्या तोंडी घाला, तेही पहिल्याच प्रसंगात. सुईण बाई आहे हे वाचकाला माहीत असतं. ती तराफ्यावर पाय ठेवताना ‘आलो, आलो’ म्हणाली की या मुलखात बायका अशाच बोलतात हे वाचकाला कुणी न सांगता कळेल. मग पुढे निवेदकाच्या तोंडी चुकून एखादं ‘गेलो’ आलं तरी ते पुरुषाचंच असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

पाठवताना वेगळ्या कागदावर चार ओळी जोडा: निवेदकाचं लिंग मुद्दाम सांगितलेलं नाही, क्रियापदं बदलू नयेत, चित्रात निवेदक दाखवू नये. आमच्या टेबलावर अशी चिठ्ठी आली तर आम्ही हात लावत नाही. नसली तर ‘शुद्ध’ करणं हेच आमचं काम.

प्रतिसाद २

‘गरज काय’ हा प्रश्न मीही ऐकला आहे, तुमची चिडचिड पोचली. संपादकांशी वाद घालण्यापेक्षा तुमच्या तराफ्यांवर कायदा काय आहे ते एकदा बसून लिहून काढा. कथेत सगळं येणार नाही, पण तुम्हाला पक्कं माहीत हवं.

आजचंच घ्या. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, ते संसदेचं काम म्हटलं. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा. म्हणजे प्रेम गुन्हा नाही, धान्यापुरतं घर एक, पण लग्न नाही. पूर आला की याच फटीत माणसं अडकतात. पुरानंतरचं सानुग्रह अनुदान कुटुंबाला मिळतं. मग कुटुंब कोण? प्रेत सापडलं तर ओळख पटवून ताब्यात कोणी घ्यायचं? सुईण आजारी पडली तर सही कोणाची चालते?

तुमच्या वस्तीने यावर काहीतरी उत्तर काढलं असणार, नाहीतर लोकांना प्रश्न पडत नाही हे खरं वाटणार नाही. कदाचित तिथे कुटुंब म्हणजे एका दोराला बांधलेले तराफे. असा एक प्रसंग लिहिलात, की या दोघांचा संसार कथेतून काढताच येणार नाही, कारण कथेची समाजरचनाच त्यावर उभी राहील. छळ दाखवलाच पाहिजे असं अजिबात नाही. तो थांबला कसा, याची एखादी खूण मात्र दिसू द्या.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. शेवट तुम्ही इथे सांगितला नाहीत. सुईण पुरात जात असेल तर फिरून विचार करा. आपल्यासारखी माणसं गोष्टीत मरतात, हे आपल्या वाचकांनी फार सोसलंय. आणि तुमच्याकडून यल्लम्माची सौंदत्ती फार लांब नाही, जोगते (देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात वावरणारे भक्त) कथेत आणायचा मोह होईल. आणलेत तर त्यांच्यापैकी कोणाला तरी वाचायला देऊन, मानधन देऊन, त्यांचं ऐकून मगच. नुसती रंगत वाढवायला नको.

प्रतिसाद ३

छापण्यापुरतं बोलते. टोपणनावाचा संकोच करू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, नावाचा प्रभाव पडू नये म्हणून, आणि बक्षीसही मिळवलं. पण मानधन खऱ्या नावाच्या खात्यात येतं, म्हणजे कार्यालयात कोणाला तरी कळणारच. नाव गुप्त ठेवू असं ईमेलवर लिहून घ्या. अंक घरच्या पत्त्यावर मागवू नका.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा विचारा. आधी चार ओळींत कथेचा विषय स्पष्ट कळवा. ज्याला नको तो तेव्हाच नाही म्हणेल, तुमचा हंगाम वाया जाणार नाही. आंतरजालावरच्या दिवाळी अंकांत अशा विषयाला जास्त मोकळीक मिळते, पैसे फारसे मिळत नाहीत.

अनुवादाचे हक्क स्वतःकडे ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं कुठे दिसलं तर खोडायला सांगा. आणि कादंबरी छापायला तुमच्याकडे पैसे मागणाऱ्याला प्रकाशक समजू नका.

इंग्रजीत ‘समोवर’ आहे, ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या आंतरजालावरच्या विज्ञानकथा मासिकाचं अनुवादित कथांचं भावंड. तिथे मूळ भाषेतला मजकूरही अनुवादाबरोबर छापतात, म्हणजे तुमची कोल्हापुरी देवनागरीत तशीच दिसेल. विज्ञानकथाकारांची अमेरिकी संघटना शब्दाला आठ सेंट हा व्यावसायिक दर धरते. चार हजार शब्दांना ३२० डॉलर झाले. अनुवाद यंत्राकडून करून घेऊ नका. २०२३ मध्ये यंत्रलिखित कथांचा इतका पूर आला, की ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथा मासिकाला काही काळ दार बंद करावं लागलं, तेव्हापासून बरीच मासिकं याबाबत कडक आहेत. माणूस अनुवादक शोधा आणि मानधनाची वाटणी आधीच लिहून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुईणीचं ‘आलो, आलो’ आजच पहिल्या पानावर घातलं. सुईण जगते, काळजी नसावी. एका दोराला बांधलेल्या तराफ्यांची कल्पना वापरू का? श्रेय कोणत्या नावाने देऊ ते कळवा.

आता एक मागणं. अकर्मक भूतकाळ काढून पुन्हा लिहितोय. नवा खर्डा झाला की दोन वाचक हवेत, एक कोल्हापूर-सांगलीकडचा आणि एक विदर्भ किंवा खानदेशातला, क्विअर असाल तर उत्तमच. वाचताना निवेदक कोण वाटलं आणि कुठल्या ओळीला वाटलं, एवढंच समासात लिहायचं. वेळ असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करा.