दर्ग्याच्या इनाम जमिनीवर अतिक्रमण : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: मराठवाड्यातल्या दर्ग्याची खिदमतमाश (दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली इनाम) जमीन आहे. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून सेवेकऱ्यांच्या वारसांची नावं आणि कडेला पक्की दुकानं. मुतवल्लींनी (वक्फ मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी) आधी काय करावं?

उत्तर १: आधी कागद. मुंतखबची (निजामकाळातल्या इनाम-आदेशाची) नक्कल, वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची दिलेली मालमत्ता) राजपत्रातली नोंद, जुना सातबारा आणि त्यानंतरचा प्रत्येक फेरफार काढा. गडबड बहुतेक वारस-फेरफारात होते: जमीन सेवेसाठी दिलेली, पण वारसनोंदीत ती खासगी मालकीसारखी उतरते आणि पुढे विक्रीला वाट मिळते. अशा फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबतच द्या. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. हद्दी नक्की नसतील तर पुढचं प्रकरण लटकतं.

उत्तर २: अतिक्रमणासाठी वक्फ कायद्याचं कलम ५४. राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी नोटीस देतात, चौकशी करतात आणि निष्कासनासाठी (कब्जेदाराला हटवण्यासाठी) वक्फ न्यायाधिकरणाकडे जातात. आदेशानंतर ४५ दिवसांत जागा सुटली नाही तर कलम ५५ खाली प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातं. आणि कृपा करून थांबू नका! २०२५ च्या दुरुस्तीने कलम १०७ बदललं, त्यामुळे मुदत कायदा (दावा किती काळात करायचा ते ठरवणारा) आता वक्फलाही लागू आहे. प्रतिकूल कब्जाची (मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्याची) १२ वर्षं हा खरा धोका आहे, कारण त्यानंतर मालकाचा हक्कच जाऊ शकतो.

उत्तर ३: दुकानदारांना घाईने भाडेपावत्या देऊ नका. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मंडळाच्या मंजुरीशिवाय रद्दबातल ठरतो, ३० वर्षांहून जास्त तर कोणत्याही स्थितीत. जागा मोकळी झाली की जाहीर लिलावानेच द्या. ओळखीतल्या नाममात्र भाड्यानेच दर्ग्यांचं उत्पन्न बुडालंय.