प्रश्न फक्त पगाराचा नाही
पगार वाढवला की माणसं नोकरीत टिकतात, असं म्हणतात. हे मत मला अर्धंच पटतं. कमी पगारावर लोक कुरकुरतात. राजीनामा देतात ते बहुतेकदा अन्याय झाल्यासारखं वाटलं की.

व्यवस्थापनाचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास बघा. अमेरिकेतल्या कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका ठिकाणी साहेबांनी बसून, आकडे दाखवून कारण सांगितलं, खेद व्यक्त केला. दुसरीकडे नुसतं थोडक्यात कळवलं. तिथे चोऱ्या जास्त झाल्या आणि राजीनामेही. कपात मात्र सारखीच होती!

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका सहकारी बाईंना अप्रेझलमध्ये खालचं रेटिंग मिळालं. विचारायला गेल्या तर उत्तर आलं, "बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली बसवावंच लागतं." (बेल कर्व्ह म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच, अशी पद्धत.) वर्षभर विरारहून लोकलला लटकत वेळेवर येणाऱ्या बाईंना हे ऐकवायचं? त्यांनी त्याच आठवड्यात बायोडेटा फिरवायला सुरुवात केली. नव्या जागी पगार जेमतेम तेवढाच, तरी गेल्या.

एचआरवाले माणूस नोकरी सोडताना एक्झिट इंटरव्ह्यूत कारणं विचारत बसतात. त्याऐवजी रेटिंग पक्कं करायच्या आधी माणसाची बाजू ऐकून घ्या ना.