कामावर येशूबद्दल बोलायचं तर नेमकं कसं?

शिफ्टवाला_जालना
सर्वांना सप्रेम सलाम. जालना एमआयडीसीत रोलिंग मिलला आहे, पाळीत ख्रिस्ती मंडळीतला मी एकटाच. चहाच्या सुट्टीत लोक स्वतःहून विचारायलेत, "तुमच्यात नेमकं काय असतं?" मी एकतर गप्प बसतो, नाहीतर प्रवचन सुरू होतं. थोडक्यात काय सांगावं? कुणी आजारी असला तर तिथंच प्रार्थना करावी का? गणपतीचा प्रसाद पुढं आला तर? "धैर्य धरा" एवढंच सांगू नका, ते दर रविवारी ऐकतो. पद्धत सांगा.

पाणवठा
बंधू, सुट्टी दहा मिनिटांची असली तरी तुमची साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाची गोष्ट, दीड मिनिटाची ठेवा. कागदावर 150 ते 180 शब्द लिहा. आधी काय होतं, येशूची ओळख कशी झाली, आता रोजच्या जगण्यात काय बदललं. बहुतेकांचा पहिला भागच लांबतो. दारू, भांडणं, कर्ज यातच सुट्टी संपते आणि येशूचं नाव भोंगा वाजताना येतं. पहिला भाग दोन वाक्यांत उरका. शेवटी "तुम्हाला काय वाटतं?" विचारा आणि खरंच गप्प बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका, कुठं पाळकांसारखा, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूंसारखा, सूर लागतो ते लगेच कळतं.

खरी गोची शब्दांची आहे. "तारण" म्हटलं की मोंढ्यातल्या माणसाला सोनेतारण कर्ज आठवतं. "वाचवलं", "सोडवलं" म्हणा. "नवा जन्म झाला" म्हणालात तर समोरचा चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशोब मांडतो. "पुनरुत्थान" तर हमखास पुनर्जन्म म्हणूनच ऐकू येतं. तिथं सरळ सांगा: मेलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, दुसऱ्या कुणाच्या पोटी जन्मला नाही. "तुम्ही पापी आहात" ही तर सरळ शिवी वाटते. शिवाय आपल्याकडं पाप म्हणजे मागच्या कर्माची फेड. आपल्याला सांगायचंय ते बापाशी तुटलेल्या नात्याबद्दल, म्हणून बायबलातल्या लूकच्या 15 व्या अध्यायातला धाकटा मुलगा सांगा. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाटणी विकून खाल्लेल्या पोराकडं म्हातारा बाप धावत जातो, तिथं जरा थांबा.

मोंढा_नाका
वरच्याला जोड. कुणी वाचायला मागितलं तर अख्खं पवित्र शास्त्र हातात देऊ नका, त्यातलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, तेवढंच द्या. 16 अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. मत्तयानं सुरुवात केली की पहिल्याच पानावर वंशावळ लागते आणि माणूस तिथंच पुस्तक मिटतो. मार्क 4 मधली पेरणी आधी वाचून दाखवा. वाट, खडकाळ जमीन, काटे, चांगली जमीन. दुबार पेरणी केलेला माणूस त्यावर तुम्हालाच चार गोष्टी सांगेल.

आणि संतांना नावं ठेवून सुरुवात करू नका. पैठण, गंगाखेड, नर्सी आपल्याच भागात. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तरी अभंग सोडला नाही. येशूबद्दल त्यांनी अभंगातच लिहिलं. भजन ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटत नाही.

कोर्ट_रोड
घटनेचं कलम 25 धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. पण सर्वोच्च न्यायालयानं 1977 च्या स्टेनिस्लॉस निकालात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. म्हणून हाताखालच्या हेल्परला विषय काढून सांगू नका. त्याची हजेरी तुमच्या हातात असेल तर त्याचा "हो" मोकळा नसतो. उसने पैसे आणि सुवार्ता एकाच दिवशी तर मुळीच नको.

आजाऱ्याला आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर त्याचं नाव घेऊन अर्धा मिनिट, साध्या आवाजात. डोक्यावर हात नको. "बराच होशील" असं वचन देऊ नका, गोळ्या बंद करायला तर चुकूनही सांगू नका. राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. दवाखान्यात न्यायला आपण पुढं असावं. दोन दिवसांनी "कसं आहे आता?" विचारायला बहुतेक जण विसरतात, आणि तिथंच प्रार्थना पोकळ वाटते.

बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली तर पाळकांकडं न्या. बाप्तिस्मा घेणारा अनुसूचित जातीतला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत राहत नाही. हे त्याला आधी सांगायचं. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नसतं.

लातूरची_मावशी
प्रसादाचं राहिलंच की. बायबलातलं 1 करिंथ 10 वाचा: बाजारातलं काही विचारपूस न करता खा, पण "हे मूर्तीला वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. प्रसाद देणारा प्रसाद म्हणूनच देतो, म्हणून घेऊ नये.

पाणवठा
मावशी, कबूल. फक्त हात झटकन मागं ओढला तर लोक दहा वर्षं तेवढंच लक्षात ठेवतात. वाक्य आधीच पाठ हवं.

लातूरची_मावशी
हाव, ते खरं. हात जोडून, हसून म्हणावं, "दादा, मी प्रसाद घेत नाही, पण वहिनींच्या हातचं जेवायला नक्की येईन." आणि मग खरंच जायचं. नाताळाला डब्यात करंज्या न्यायच्या, पाळीतल्या माणसांपेक्षा चार जास्त, गेटवरच्या वॉचमनसकट. डब्यात पत्रक घालू नका, करंजी म्हणजे गळ वाटते.

शिफ्टवाला_जालना
"तारण" माझ्या साक्षीत पाच वेळा निघालं. आज रात्रपाळीआधी परत लिहितो. पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक वचन टाकू का?

कोर्ट_रोड
नको. तो ग्रुप ड्यूटीचा आहे. ज्यानं विचारलं त्यालाच, वेगळं पाठवा.