जुन्या पीसीवरचं विंडोज नव्या पीसीवर नेता येतं का?

छापील_चूक (मिरज), ६ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं वगैरे. डीटीपीचा पीसी २०१७ साली असेंबल करून घेतलेला, आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा, त्यावर विंडोज १० प्रो. पैसे मोजून घेतलंय, चोरीचं नाही. आता १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय आणि हा प्रोसेसर अकराच्या यादीत बसत नाही, म्हणून रायझन प्रोसेसरचा नवा पीसी जुळवला. दुकानदार म्हणतो, "जुनं विंडोज जुन्यासोबतच गेलं समजा, नवीन घ्या." श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्स असलेली यूएसबी काडी) कसं, इथून उपटलं की तिथे खोचलं, काम झालं. विंडोजचं तसं काही नसतं का? जुना पीसी पुतणीला अभ्यासाला द्यायचाय.

संगणकवैद्य

दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं. तुमचं लायसन्स ओईएम (मशिनसोबत दिलं जाणारं) असेल तर ते पहिल्या मशिनबरोबरच संपतं, मदरबोर्डला बांधलेलं असतं. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असेल तर नेता येतं, फक्त एका वेळी एकाच मशिनवर. तेव्हा आधी कुठलं आहे ते बघा. आणि तोवर जुना पीसी फॉरमॅट करू नका. हे आधीच बजावलंय कारण अर्धे लोक फॉरमॅट करून मगच धागा काढतात.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय (अक्षरं सुटी लिहिलीत, तुम्ही इंग्रजीत सलग टाका). छोटी खिडकी येईल. त्यात रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम (कंपन्यांना घाऊक दिलेलं) यांपैकी एक शब्द दिसेल, आणि खाली कीची, म्हणजे लायसन्सच्या अक्षर-आकडी क्रमांकाची, शेवटची पाच अक्षरं.

छापील_चूक

केलं. "रिटेल चॅनेल" दिसतंय! म्हणजे जिंकलो?

बिनतारी_यंत्र

थांबा दादा, एवढ्यात पेढे नकोत. ज्यांनी विंडोज ७ वरून फुकटात १० घेतलं, त्यांनाही तिथे रिटेलच दिसतं, मूळ सात ओईएम असलं तरी. त्या सगळ्यांना एकच सामायिक की असते. प्रो असेल तर तिची शेवटची पाच अक्षरं थ्री-व्ही-सिक्स-सिक्स-टी, होम असेल तर एट-एच-व्ही-एक्स-सेव्हन. तुमची तीच असतील तर ती की दुसऱ्या मशिनवर टाकून उपयोग नाही. वेगळी असतील तर की तुमच्या नावची. खरेदीच्या वेळचा खोका किंवा कार्ड सापडतंय का बघा.

छापील_चूक

माळ्यावर चढलो. २०१६ च्या दिवाळी ऑफरची हँडबिलं, शाईचे रिकामे डबे, आणि त्याखाली निळा खोका! आत छोटा पेनड्राइव्ह आणि कीचं कार्ड. शेवटची पाच अक्षरं खिडकीतल्याशी तंतोतंत जुळतात.

संगणकवैद्य

पेनड्राइव्ह म्हणजे रिटेलच. विंडोज १० चा ओईएम पॅक डीव्हीडीवर यायचा. आता पेढे आणा.

क्रम असा ठेवा. कार्डाचा फोटो काढा. डेटा आणि फाँट बाहेर घ्या (तुमच्याकडे फाँट जास्त महत्त्वाचे). मग जुन्या पीसीवर तीच कमांड, शेवटी डी-एल-आय ऐवजी यू-पी-के. याने की निघते. पुन्हा तीच, शेवटी सी-पी-के-वाय, म्हणजे रजिस्ट्रीतूनही (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतूनही) पुसली जाते. नव्यावर विंडोज ११ प्रो टाका, होम नको. आवृत्ती चुकली तर की घेणार नाही. नंतर सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन, प्रॉडक्ट की बदला. दहाची की अकराला चालते.

एक लक्षात घ्या, यू-पी-के केल्याचं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळत नाही. त्याच्या लेखी तुमची की अजून जुन्याच मशिनवर आहे. त्यामुळे पहिल्या फटक्यात नकार आला तर घाबरू नका. रनमध्ये एस-एल-यू-आय, स्पेस, ४ टाका आणि फोनवरून करा.

सुगरण_पण_कोडर

माझा प्रश्न घुसडते. जुन्या ब्रँडेड लॅपटॉपचा बोर्ड गेलाय. त्याचं होम नव्या लॅपटॉपवर?

बिनतारी_यंत्र

ताई, ते ओईएम. की बोर्डाच्या बायोसमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) असते, बोर्डाबरोबर गेली. नव्या लॅपटॉपला विंडोजसकट घेतलंत तर त्याची स्वतःची की असतेच.

स्वस्तात_मस्त

एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन पाचशे रुपयांत प्रोची की मिळते. मी घेतली, मस्त चालू आहे.

संगणकवैद्य

तुमच्या मशिनवर तीच कमांड द्या, शेवटी एक्स-पी-आर. कायमस्वरूपी म्हणतंय की तारीख दाखवतंय? तारीख असेल तर तुम्हाला एखाद्या कंपनीचं व्हॉल्यूम लायसन्स चिकटवलंय. अशा केएमएसचं (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं) अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, त्या कंपनीच्या सर्व्हरशी गाठ पडत राहिली तरच पुढे सरकतं.

स्वस्तात_मस्त

…तारीख आहे. फेब्रुवारीची.

म्युनिकची_माई

इकडे जर्मनीत गंमत वेगळी. २००० सालीच इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की एकदा बाजारात आलेलं ओईएम सॉफ्टवेअर मशिनपासून सुटं करून पुढे विकायला मायक्रोसॉफ्ट आडकाठी करू शकत नाही. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने डाउनलोड केलेल्या वापरलेल्या लायसन्सचीही पुनर्विक्री मान्य केली. त्यामुळे जुन्या लायसन्सची दुकानं इथे राजरोस चालतात. मिरजेला याचा काडीचा उपयोग नाही, माहिती म्हणून सांगितलं.

छापील_चूक, १४ सप्टेंबर

काम फत्ते, पण वृत्तांत ऐका.

की टाकली, नकार आला. फोन लावला. पडद्यावर ६३ आकडे, सातसातचे नऊ गट, ते फोनच्या बटणांवर दाबायचे. सौ. पडद्यावरून वाचतायत, मी दाबतोय. तिसऱ्या गटात पुन्हा पुन्हा चूक. मला कळेना. मग लक्षात आलं, त्या जोडीने वाचत होत्या. "सत्तेचाळीस" म्हटलं की माझं बोट आधी सातावर जायचं! चूक माझी की मराठीची यावर पाच मिनिटं भांडण. मग एकेक आकडा वाचायचं ठरलं. पलीकडून ४८ आकडे परत मिळाले, ते कुणाच्यातरी पत्रिकेच्या प्रूफमागे लिहून घेतले आणि भरले. आता एक्स-पी-आर दिल्यावर "कायमस्वरूपी" येतंय.

जुन्या पीसीच्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" असं पुसट आलंय. पुतणीसाठी काय करू?

बिनतारी_यंत्र

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. लायसन्सची भानगड नाही, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. श्रीलिपी मात्र त्यावर चालायची नाही, डोंगल नव्यालाच राहू द्या.

संगणकवैद्य

आणि ते लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. उद्या बोर्ड गेला तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "अलीकडे हार्डवेअर बदललं" निवडायचं, बहुधा ६३ आकडे वाचावे लागणार नाहीत. कार्ड पुन्हा माळ्यावर टाकू नका.

छापील_चूक

जोडलं. कार्ड लॅमिनेट केलंय, दोन्ही बाजूंनी.

म्युनिकची_माई

आणि ते पत्रिकेचं प्रूफ?

छापील_चूक

तेच शोधतोय. गिऱ्हाईक दारात उभं आहे.