रविवारची फायनल आणि त्यांचा नऊ नंबर

सोनूची आई (बी-३०२): नमस्कार. रविवारी फुटबॉलच्या फायनलला सोनूला स्टॉपरला, म्हणजे मागे बचावाला, खेळवणार असाल तर मला आधी कळवा. मागच्या वेळी समोरच्या टीमच्या त्या नऊ नंबरचं, त्यांच्या स्ट्रायकरचं, कोपर लागून त्याचा ओठ फाटला, नुसत्या वरणभातावर होता पोरगा. तेव्हा "खेळात चालतंच" म्हणून सगळे मोकळे झाले. आता फायनलला पुन्हा तीच टीम आहे. सोनू ४२ किलोचा आहे, त्या मुलाच्या खांद्याला पण लागत नाही.

भाऊ (सी-२०१): वहिनी, ओठाचं मलाही वाईट वाटलं. पण सोनूशिवाय मागे उभं कोणाला करू? डोकं शांत ठेवून खेळणारा तोच एक आहे.

सोनूची आई (बी-३०२): डोकं शांत आहे म्हणून त्यानेच मार खायचा का भाऊ?

आप्पा (ए-००२): मूळ मुद्दा वेगळाच आहे. स्पर्धा १६ वर्षांखालची आहे ना? मग त्या पोराला मिशा कशा? जन्मदाखला मागा. लेखी मागा.

ताई (बी-१०१): आप्पा, तो आमच्या शाळेत आहे. पाचवीपासून बघते आहे त्याला. वय बरोबर आहे. अंगाने वडिलांवर गेलाय, एवढंच. कोणाच्या लेकराबद्दल ग्रुपवर असं लिहू नका.

आप्पा (ए-००२): मी नाव घेतलं का कोणाचं? फक्त विचारलं. विचारायची पण बंदी झाली का आता सोसायटीत?

नाना (ए-१०४): नऊ नंबर सोडा. त्यांच्या सात नंबरला आवरा. डावीकडून गोलसमोर उंच बॉल, क्रॉस, तोच टाकतो.

धुळेकर काका (सी-१०२): नाना, मागची मॅच देखी ना तुम्ही? तो पोऱ्या नई शे भो, मालगाडी शे.

बंटी (सी-४०३): 😂😂 काका, आणि आपले पोरं रुळावर झोपले होते

भाऊ (सी-२०१): हसण्यावारी नेऊ नका. मी ठरवलंय, पिंट्याला मागे आणतो. ताकदीला तोच पुरेल. सोनूला मिडफिल्डला टाकतो.

पिंट्याचे बाबा (बी-२०४): हे मला मान्य नाही. सगळे गोल पिंट्याने करायचे आणि फायनल आली की त्याने हमाली करायची? मागच्या वर्षी पण हेच केलं होतं. सगळ्यांना आठवतंय काय झालं ते.

भाऊ (सी-२०१): मागच्या वर्षीचं आता नको ना दादा.

पिंट्याचे बाबा (बी-२०४): नको तर नको. पण जर्सीचे पैसे ज्यांनी अजून दिले नाहीत त्यांची पोरं पुढे खेळणार आणि माझा मागे, हे बरोबर नाही.

खजिनदार (ए-२०२): विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रत्येक खेळाडूमागे ३०० रुपये ठरले होते. चार घरांचे बाकी आहेत. नावं टाकत नाही. आज रात्रीपर्यंत द्यावेत ही नम्र विनंती 🙏

धुळेकर काका (सी-१०२): माझे दिले. वॉचमनजवळ दिले होते.

खजिनदार (ए-२०२): काका, वॉचमनजवळ कशाला?

नाना (ए-१०४): सात नंबरला आवरा. क्रॉस आला नाही तर नऊ नंबर काय करेल?

बंटी (सी-४०३): नानांचं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. मँचेस्टर सिटीच्या स्ट्रायकर हालांडचं बघा. सहा फूट चार इंच, २०२२-२३ ला प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल, एका सीझनचा रेकॉर्ड. त्याच सीझनला ९ मे ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल होती. रियल माद्रिदचा रुडिगर त्याला पूर्ण मॅच चिकटून. बॉल यायच्या आधीच अंगाला अंग लावून उभा, वळूच देत नव्हता. हालांडला गोल नाही. पण सिटीच्याच डी ब्रुइनेने लांबून मारला आणि मॅच १-१. परतीच्या मॅचमध्ये पण हालांड शून्य, तरी सिटी ४-० ने जिंकली. फायनलला इस्तंबूलमध्ये इंटरने त्याला अडवलं, गोल केला मिडफिल्डच्या रॉड्रीने, १-०, कप सिटीचा. म्हणून सांगतो, तीन पोरं नऊ नंबरच्या मागे लावली तर दुसरा कोणीतरी मोकळा सुटेल.

पिंट्याचे बाबा (बी-२०४): म्हणजे पिंट्याला मागे नेऊन उपयोग नाही. मी हेच सांगून राहिलो.

बंटी (सी-४०३): काका, तसं नाही म्हटलं मी.

सेक्रेटरी (ए-३०१): सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पाण्याच्या टाकीची सूचना वर गेली.

ताई (बी-१०१): साहेब, पोरं सोसायटीचीच आहेत.

नाना (ए-१०४): बंटी, तुझा जन्म नव्हता तेव्हाची गोष्ट ऐक. १९९८ चा वर्ल्ड कप, मार्सेलला ब्राझील विरुद्ध नॉर्वे. नॉर्वेचा फ्लो तुमच्या हालांडसारखाच उंच. ७८ व्या मिनिटाला बेबेटोने गोल केला, सगळ्यांना वाटलं झालं. पाच मिनिटांत फ्लोने ज्युनियर बायानोला चकवून बरोबरी केली. बायानो काही लहानखुरा नव्हता, चांगला धिप्पाड गडी. मग शेवटी शेवटी त्याच बायानोने बॉक्समध्ये फ्लोचा शर्ट ओढला. पेनल्टी. रेकडालने मारली, ब्राझील हरलं २-१. टीव्हीवर ओढलेलं दिसलंच नव्हतं, जगभर पंचाला शिव्या पडल्या. नंतर दुसऱ्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं. म्हणून अंगाला अंग लावून भागत नाही. हात मागे सरकला की संपलं.

भाऊ (सी-२०१): नाना, मग मागच्याने उभं कसं राहायचं ते पण सांगा. पोरांना हेच कळत नाही.

नाना (ए-१०४): रेल्वेच्या मैदानावर आम्हाला शिकवलं तेच सांगतो. पोरं चुकतात ती अशी: नऊ नंबर पाठ करून उभा राहतो, हे त्याच्या पाठीला छाती लावून रेटतात. त्याला तेच हवं असतं. आपला भार अंगावर घेतो, त्याच भारावर वळतो आणि आपला पोऱ्या तोंडावर पडतो. त्या दिवशी सोनूचं हेच झालं. कोपर मुद्दाम नव्हतं, सोनू त्याच्या खांद्यावर लटकला होता. रेटायचं नाही. अर्धं पाऊल बाजूला, गोल आपल्या पाठीशी, पुढचा हात फक्त अंतर कळण्यापुरता. बॉल हवेत असतानाच एकदा हलकेच भिडायचं आणि लगेच सुटायचं. तेवढ्याने त्याची उडी चुकते. बॉल त्याच्या डोक्याला लागला तरी नीट लागत नाही. आणि मागे पाच पावलांवर दुसरा पोरगा पाहिजे, कारण खरा धोका त्या खाली पडलेल्या बॉलचा असतो.

सोनूची आई (बी-३०२): नाना, हे त्या दिवशी मॅचच्या आधी का नाही सांगितलं कोणी पोराला?

नाना (ए-१०४): कोणी विचारलं नाही बेटा. मी कट्ट्यावर बसलो होतो.

भाऊ (सी-२०१): नाना, तुम्ही मोठे आहात. पण मी पण सकाळी सहाला उठून पोरांना घेऊन जातो, फुकट. एवढंच.

नाना (ए-१०४): तुझ्याबद्दल नाही बोललो भाऊ. तू आहेस म्हणून टीम आहे.

धुळेकर काका (सी-१०२): फायनलनंतर भरीत पार्टी ठरली का? वांगी बामणोदची आणा, बाजारातली लांबुळकी नको. कळण्याची भाकरी माझ्याकडून.

आप्पा (ए-००२): हरलो तरी?

धुळेकर काका (सी-१०२): हरनूत तरी भरीत खावानंच शे आप्पा.

सेक्रेटरी (ए-३०१): पार्किंगमध्ये काड्या पेटवू देणार नाही. मागच्या वेळी भिंत काळी झाली, रंगाचा खर्च सोसायटीवर पडला.

धुळेकर काका (सी-१०२): मग भरीत काय कुकरमध्ये करायचं साहेब? कपाशीच्या काड्यांवर भाजलं नाही तर ते भरीत नाही.

नाना (ए-१०४): सात नंबर डावखुरा आहे. आपल्या राइट बॅकने त्याला लाइनकडे जाऊ द्यायचं नाही, आत वळू द्यायचं. उजव्या पायाने त्याला क्रॉस जमत नाही.

भाऊ (सी-२०१): आत वळला तर गोलवर मारेल ना.

नाना (ए-१०४): मारू दे लांबून. आपला कीपर लांबचे अडवतो. नऊ नंबरच्या डोक्यावर आलेला नाही अडवत.

भाऊ (सी-२०१): हे पटलं. आणि थ्रो-इनचं बघावं लागेल. ते लांब थ्रो सरळ नऊ नंबरवर टाकतात आणि आपले पोरं ऑफसाइड म्हणून हात वर करून उभे राहतात. थ्रोवर ऑफसाइड नसतो, उद्या पुन्हा सांगतो सगळ्यांना.

ताई (बी-१०१): भाऊ, डोक्याचं पण बघा. इंग्लंडमध्ये ११ वर्षांखालच्या मुलांना बॉल डोक्याने मारणं टप्प्याटप्प्याने बंद करत आहेत. आपली मोठी आहेत, पण डोक्याला लागल्यावर "उठ, काही नाही झालं" हे नको.

भाऊ (सी-२०१): माझा शब्द आहे ताई. डोक्याला लागलं की पोरगा बाहेर, परत आत नाही. मग स्कोअर काही असो.
टीम अशी करतो: पिंट्या नऊ नंबरजवळ. सोनू त्याच्या मागे, पडलेल्या बॉलसाठी. सोनूला भिडायचं नाहीच, वाचायचं आणि काढायचं. चिकू सात नंबरवर.

सोनूची आई (बी-३०२): भिडायचं नसेल तर ठीक आहे. पण मी लाइनवर उभी राहणार. मी बाहेर ये म्हटलं की तो बाहेर येणार, तेव्हा कोणी "वहिनी दोनच मिनिटं" म्हणायचं नाही.

भाऊ (सी-२०१): मान्य.

नाना (ए-१०४): उद्या सकाळी मी येतो मैदानावर. पोरांना उभं राहून दाखवतो. मागच्या गेटजवळची पांढरी गाडी कोणाची आहे ती काढा, तिथेच जागा आहे.

आप्पा (ए-००२): माझी आहे. बॅटरी उतरली आहे. ढकलायला चार पोरं पाठवा.

बंटी (सी-४०३): पाठवतो आप्पा, तेवढाच वॉर्मअप.

पिंट्याचे बाबा (बी-२०४): पिंट्याशी बोललो. तो म्हणतो मागे खेळतो, मला चालेल. त्याला चालतंय तर मी आडवा येणार नाही. फक्त पेनल्टी मिळाली तर तोच मारणार, हे आत्ताच सगळ्यांसमोर ठरवा.

भाऊ (सी-२०१): पेनल्टी पिंट्याचीच. आणि कॉर्नरला पण त्याला पुढे पाठवतो दादा.